रापणीतला वाटा

नामा श्रीवर्धनच्या इंग्रजी शाळेत मास्तर झाला आणि त्याचा वाटा बंद झाला. कोळीवाड्याची रीतच होती तशी. सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून जाळं ओढायचं, त्याला रापण म्हणत. ज्याचा हात दोराला त्याचाच वाटा. घरी मासळीची वाण नव्हती, बाप अंबाजी रापणीचा म्होरक्या होता. पण वाळूवर वाटे पडत तेव्हा त्यात आपला एक नसे, हे नामाला लागे. शेजारची आवडाबाई म्हणे, "मास्तर आता कागद खातंय. त्याला मासली कशाला?"

त्या हिवाळ्यात एका दुपारी त्यानं वर्गात फळ्यावर दोन इंग्रजी वाक्यं लिहिली होती. शाळेच्या विलायती पुस्तकात 'टीम'पुढे 'आर' हे अनेकवचनी क्रियापद होतं, टीम म्हणजे अनेक गडी. एका अमेरिकन मिशनरी बाईंनी त्याला दिलेल्या पुस्तकात तिथेच 'इज' होतं, टीम म्हणजे एक. मुलांनी विचारलं, खरं कोणाचं? ज्याच्या त्याच्या देशात दोन्ही खरं, असं तो म्हणाला खरा, पण मुलांचं समाधान झालं नाही. त्याचंही नाही.

तेवढ्यात सुपारीच्या बागांपलीकडून हाकारे आले. रापण लागली होती, आणि निम्मे गडी मुरूडच्या बाजाराला गेलेले. शेवटचाच तास होता. हेडमास्तरांना विचारून नामानं वर्ग सोडला. मुलं पुढे पळाली, मागोमाग तोही.

कोट होडीच्या काठावर टाकून त्यानं दोर धरला आणि जीव खाऊन ओढू लागला. सवय गेली होती. दोर त्याच्याच हातातून सरकला, तळवे सोलले. अंबाजी लांबून म्हणाला, "एकटा कशाला वढतोस? समद्यांसंगं पाय मागं घे."

मग त्यानं जोर सोडून दिला आणि पुढच्या माणसाच्या पाठीकडे पाहत राहिला. ती मागे आली की तोही मागे. हळूहळू आपले हात कुठले न् शेजाऱ्याचे कुठले, ते कळेनासं झालं. जाळं वर आलं.

वाटे पडू लागले तशी मघाची एकजूट मोडली. जो तो आपल्या ढिगाकडे बघून कुरकुरू लागला. नामा लांब जाऊन समुद्रात हात धूत राहिला. बाप म्होरक्या असला तरी वाट्यासाठी मुलाची बाजू घेणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"मास्तरा," आवडाबाई ओरडली, "तुझा वाटा उचल, न्हायतर कावळं नेतील."

टोपली नव्हती. मांदेली त्यानं कोटात बांधून नेली.

दुसऱ्या दिवशी सोललेल्या हातात खडू धरवेना. मुलांना तो म्हणाला, काल दोर हातात होता तोवर आपण एक होतो, वाटे पडल्यावर अनेक झालो. अमेरिका एकाकडे बघते, विलायत अनेकांकडे. फळ्यावरची दोन्ही वाक्यं त्यानं तशीच राहू दिली.

कोटाला वास येत होता. पुढच्या बाकावरची मुलं नाकाला हात लावून हसली, आणि मास्तरही हसला.