यतीनची उंच पिकअप

यतीन खानवलकर सियागंजच्या घाऊक बाजारात मालाची पिकअप चालवायचा. दुसरा पिकअपवाला बंटी त्याच्या बुटक्या गाडीला चौकात सगळ्यांसमोर 'चप्पल' म्हणाला, आणि यतीन आतून पेटला. बंट्याला मान वर करून बोलायला लावल्याशिवाय सोडणार नाही, अशी त्याने कसमच खाल्ली.

गॅरेजात त्याने मोठे टायर चढवले, लिफ्ट किट बसवलं. गाडी हातभर उंच झाली.

"यतीनजी, लोडिंगचं काय?" मेकॅनिकने विचारलं.

"लोडिंग गयी तेल लेने!"

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या शेठचं भाडं होतं; यतीनने गाडी थाटात त्याच्या दुकानाला लावली. सियागंजात हमाल दुकानाच्या ओट्यावरून पोती सरळ गाडीत सरकवतात. आता गाडीचा मागचा हौदा ओट्याच्या पार वर गेलेला. मारुती हमालाने साखरेचं पोतं खाली टेकवलं.

"भिया, गाडी आणलीस की उंट? आम्ही नाही चढवणार."

शेठने माल बंटीच्या गाडीत भरायला सांगितला. बंटी दात काढत यतीनच्या खिडकीखाली आला.

"काय भिया, वर हवा कशी?"

भाडं तर गेलंच होतं. यतीनने सावकाश काच खाली केली, वाकून नीट पाहिलं आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, "एकदम मस्त! इथून तुझं टक्कल साफ दिसतंय रे!"