खंडेनवमीचा मेन स्विच

आमच्या रक्तपेढीत गुणवंतसारखा सरळ माणूस दुसरा नव्हता. त्या सरळपणाचाच मला आता संताप येतो. गडी मोरव्याचा, भाईंदर पश्चिमेच्या आमच्या पेढीत कॉम्प्युटर सांभाळायचा. त्याच्या बायकोला, आनंदीला, अधूनमधून रक्त चढवावं लागायचं. इतक्यांदा चढवलेलं, की आता कुणाचंही रक्त तिला चालत नसे. ठरावीक दोन-तीन दात्यांचंच जुळायचं आणि ती नावं कॉम्प्युटरमध्ये होती. दात्याचं नाव नातेवाइकाला कळू द्यायचं नाही, हा पेढीचा नियम. एक बटण दाबलं की दिसलं असतं, पण बाबाने कधी पाहिलं नाही. "संचिता, मीपण नातेवाईकच ना," म्हणायचा.

नवरात्रात जुना सर्व्हर बसला. नेमकी त्याच आठवड्यात आनंदी ढासळली, हॉस्पिटलात न्यावी लागली. रक्त लगेच हवं होतं आणि साठ्यातली एकही पिशवी जुळेना. कागद म्हणाल, तर ते आम्ही केव्हाच रद्दीत घातले होते. पेपरलेस झालो म्हणून पेढेसुद्धा वाटले होते, मेले!

नवा सर्व्हर आणला, चांगला दणकट. गुणवंत बॅकअपमधला सगळा डेटा त्याच्यावर उतरवत होता. तो पुरा उतरल्याशिवाय ती नावं दिसणार नव्हती, पण काम पुढे सरकेना.

"एवढं धूड आणलंय, मग रडतंय का?" मी कावले.

"एकच हमाल गोणी उतरवतोय आणि बाकीचे बसून आहेत," तो म्हणाला. "थांब, सगळ्यांना कामाला लावतो."

लावलं. आणखी एक केलं. लिहिलेला डेटा डिस्कवर पक्का बसला का, हे सर्व्हर दर वेळी थांबून बघतो. ते बघणंच त्याने बंद करून टाकलं. "आता बरंचसं मेमरीतच राहील. फक्त लाईट जाता कामा नये."

"यूपीएस आहे ना?"

"हाय ना."

काम सुसाट सुटलं. दुपारी त्याच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. थोडंच उरलं होतं.

आणि त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे यंत्रांना त्या दिवशी घटकाभर विसावा असतो. फ्रीजची लाईन वेगळी, ती सोडून मेन स्विच पाडायचा, बोर्डाला हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि पुन्हा चालू करायचं. स्विच पाडायचा मान दरवर्षी गुणवंतचा.

"गुणवंतभाई, मुहूर्त निकल जाएगा," आमच्या मालकीणबाई, हंसाबेन, ताट घेऊन उभ्या.

"हंसाबेन, आज रहने दो ना!" मी म्हटलं.

पण गुणवंतच उठला. "असू दे गं. यूपीएसवर चाललंय, दोन मिनिटांचं काम. आज आनंदीसाठी मागतोय, आजच देवाला नाही म्हणू?"

त्याने स्विच पाडला. यूपीएस जुना, जुन्या सर्व्हरच्या मापाचा. सगळा जोर लावून चाललेलं ते धूड त्याला पेललंच नाही. एकदा किंचाळला आणि गप्प झाला. गुणवंतचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं.

लाईट परत आली, पण डेटा उघडेना. अर्धा लिहिलेला, अर्धा हवेत विरलेला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि ह्या खेपेला डिस्कची ती तपासणी बंद करायची त्याची हिंमत होईना, म्हणून काम रखडतच. आमची टेक्निशियन मिनल एकेक पिशवी जुळवून बघत राहिली. एकही लागली नाही.

दसऱ्याच्या सकाळी आनंदी गेली. तिला नेलं तेव्हाही सर्व्हरवर डेटा उतरतच होता. दुपारी काम संपलं आणि मी आनंदीची नोंद उघडली. कशाला उघडली देव जाणे. जुळणाऱ्या दात्यांत पहिलंच नाव दाजींचं. मोरव्याचे दाजी, वरचेवर येऊन रक्त देणारे, माझ्याच काउंटरवर चहा-बिस्किट खाऊन जाणारे. सकाळी तिरडीला पुढचा खांदा त्यांनीच दिला होता.

मी स्क्रीन बंद केली. कुणाला काय सांगायचं होतं?

तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. गुणवंत भिंतीला टेकून बसला होता, समोरचं ताट तसंच. ते ताट घेऊन आलेले दाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"असा एकटा ऱ्हाऊ नको, गुणवंता. काय बी लागलं तरी हाक मार. मी दोन घरांवरच हाय."