मामांचा गंज

माझे मामा नव्या वस्तू जुन्या करायचे, आणि तेही पगार घेऊन. बाकीची माणसं घासूनपुसून सामान नवं ठेवायला धडपडतात आणि हे गृहस्थ सकाळी डबा घेऊन चांगल्या लाकडाला चिरा पाडायला निघायचे. घराच्या भिंतीचा रंग उडाला, तिकडे मात्र यांचा हात वळत नाही, अशी मामींची कायमची कुरकुर.

ते मुलांच्या करमणुकीच्या पार्कातल्या चाच्यांच्या बंदराचे रंगारी. आधी तिथे पऱ्यांची बाग होती. मुलं तिला कंटाळली, तेव्हा मालकांनी बंदर उभारलं: झुलणारं जहाज, सांगाड्यांची गुहा, येणाऱ्याजाणाऱ्यावर पाणी उडवणारं फुटकं पिंप. कारखान्यातून सगळं चकचकीत आलं. मामांनी दोन महिन्यांत त्याला शंभर वर्षांचं केलं. प्रत्येक खोट्या गंजाच्या कडेला, रंग ओला असतानाच, ते अंगठा उमटवत. सही करायला आपण काय साहेब आहोत, म्हणायचे.

एका वर्षी खेळांची सुरक्षा तपासायला नव्या तपासनीस बाई आल्या. जहाजाभोवती एक चक्कर मारली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. खरा गंज कुठला नि खोटा कुठला, कळायला मार्ग नव्हता. एक जरी खरा निघाला तरी जहाज बंद, असं त्यांनी बजावलं. सुट्ट्या तोंडावर होत्या. जहाज सुट्ट्यांत बंद राहिलं तर बंदरच मोडून पुन्हा बाग करू, असं मालक आधीच बोलून बसले होते. म्हणजे मामांचंही काम संपलं. मॅनेजरनी मामांना बाजूला घेतलं आणि सगळा गंज आपलाच म्हणून सांगा, असं हळूच सुचवलं.

मामा आपल्या अंगठ्याचे ठसे दाखवत पुढे, बाई वहीत टिपत मागे. जहाज पेलणाऱ्या दांड्याच्या एका बोल्टपाशी मामा थांबले. गंज झकास होता, पण अंगठा कुठेच नव्हता. मागून मॅनेजर खाकरले.

"हा माझा नाही," मामा म्हणाले. मग राहवलं नाही, म्हणून पुढे, "पण काम सुरेख आहे हं."

जहाज नऊ दिवस बंद राहिलं आणि मॅनेजर नऊ दिवस मामांशी बोलले नाहीत. मला मात्र मामांचा फार अभिमान वाटला. मामींनी न कुरकुरता डबा भरून दिला, यावरून काय ते समजा.

दहाव्या दिवशी नवा बोल्ट बसला, बाईंनी तो तपासला आणि जहाज सुरू करायला परवानगी दिली. सुट्ट्या लागायच्या आत बंदर वाचलं. मामा ब्रश घेऊन तयारच होते. त्यांनी बोल्टच्या टोपीवर गंज चढवला आणि अंगठा पुढे केला, तेवढ्यात बाईंनी वही खाली ठेवली आणि स्वतःचा अंगठा उमटवला.

बंदरभर मामांचे अंगठे आहेत. तो एक तेवढा बाईंचा.