एकोणीस खडे मीठ

मी जात्याच भित्री. पाल चुकचुकली तरी माझा जीव खालीवर व्हायचा. पण लहानपणी सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटली असं कोणी विचारलं, तर मी भुताचं नाव घेणार नाही, बिबट्याचंही नाही. मी मिठाचं नाव घेईन. हाताच्या चामखिळी जाव्यात म्हणून मी एकोणीस खडे मीठ घराबाहेर टाकलं, आणि त्यापायी माझ्या वहिनीचं बाळंतपण सुईणीवाचून अडायची पाळी आली.

आमचं गाव चिखलीपासून चार कोसांवर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठे साहेब नागपूरला बसत, आणि आमच्यापर्यंत पोचत तो फक्त शाळा तपासणारा साहेब. त्या वर्षी तो आला आणि गणित बघायला त्याने माझी पाटी मागितली. पाटी घेताना त्याची नजर माझ्या उजव्या हाताकडे गेली आणि त्याने पाटी दोन बोटांच्या चिमटीत धरली. गणित बरोबर होतं, ते त्याने पाहिलंसुद्धा नाही. मला अकरावं लागलं होतं. हातावर तेव्हा सातच चामखिळी होत्या.

साहेब गेला आणि गावाला विषय मिळाला. कोणी म्हणालं, ही साधी चामखीळ नाही, रक्तपितीची सुरुवात आहे. आडावर बाया माझी घागर आपल्या घागरीला लागू देईनात. घरात वडील बोलत नसत, पण माझ्या हातचं पाणी प्यायचं त्यांनी हळूच बंद केलं. मी तांब्या पुढे केला की त्यांना नेमकं तेव्हाच काहीतरी आठवायचं. मला ते कळत होतं. रात्रंदिवस एकच धास्ती, बोटं झडतील आणि मला गावाबाहेर झोपडीत ठेवतील.

मग सुरू झाले उपाय. पहिला घोड्याच्या केसाचा. बाजारच्या दिवशी एक कापडवाला तट्टू घेऊन येई, त्याच्या शेपटीचा केस हवा होता. तो मीच उपटायचा असा नेम. तट्टाच्या मागे उभी राहून मी रामनाम घेतलं आणि केस उपटला. तट्टू हललंही नाही, मीच पडले. तो केस करंगळीवरच्या चामखिळीला बांधून आई रोज थोडा आवळायची. आठव्या दिवशी ती काळी पडून गळाली. घरात आनंद झाला. महिन्याभरात तिच्या जागी तीन आल्या.

रुईच्या चिकाने नुसतीच आग झाली. चुना आणि पापडखार कालवून लावला तर शेजारची चांगली कातडी गेली आणि चामखीळ ठणठणीत राहिली. शेवटी आईने बिब्बा काढला. सुईला टोचून तो दिव्यावर धरला आणि त्याचं काळं तेल एकेका चामखिळीवर टेकवलं. मला बिब्बा उतला. मनगटापर्यंत हात सुजला, फोड आले, चार दिवस ताप. सूज उतरली तेव्हा आईने हात उजेडात धरून मोजलं. एकोणीस. मोजून झाल्यावर ती पदराने डोळे पुसत चुलीपाशी जाऊन बसली.

याच दिवसांत वहिनी अवघडलेली होती. तिचं पहिलं मूल माहेरी झालं आणि पंधरा दिवसांत गेलं. म्हणून या खेपेला तिला माहेरी पाठवायचं नाही, आमच्याच सुईणीच्या हातून बाळंतपण करायचं असं ठरलं. ही सुईण नाल्याकाठी एकटी राहायची. मुलगी तिकडे जळगाव जामोदला दिलेली. आम्हा सगळ्या भावंडांना जगात तिनेच आणलं होतं. आम्ही तिला मावशी म्हणायचो. वहिनीचं पोट चोळायला ती दर आठ दिवसांनी यायची, आणि ती आली की वहिनीच्या चेहऱ्यावरची काळजी तेवढ्यापुरती उतरायची.

एकदा चोळून झाल्यावर तिने मला ओसरीवर बोलावलं आणि माझा हात हातात घेतला. कितीतरी दिवसांत आईखेरीज कोणी तो धरला नव्हता. तिने फोडांचे डाग पाहिले आणि मान हलवली. मग हलक्या आवाजात उपाय सांगितला. चामखिळी असतील तेवढे मिठाचे खडे घ्यायचे, एकेक खडा एकेकीवर घासायचा, सगळे चिंधीत बांधायचे. शनिवारी दिवस कलताना गावाबाहेर, चिखलीची सडक लागते त्या चौरस्त्यावर ठेवायचे आणि मागे न बघता यायचं. दवाने मीठ विरघळतं, तशी चामखीळही विरघळते.

"पन कोनाले सांगू नको. सांगतलं तर दुप्पट होतात," ती म्हणाली.

शनिवारी मी पुरचुंडी बांधली. आतापर्यंत सगळं बरोबर केलं. पण सडकेचा चौरस्ता म्हणजे चिंचेच्या झाडाखालून जायचं, आणि त्या चिंचेबद्दल मी काय काय ऐकलं होतं ते इथे लिहीत नाही. दिवस कलला होता. अर्ध्या वाटेवर ती चिंच दिसली. मी परत फिरले, आडाच्या वाटेवर जिथे गावातल्या वाटा फुटतात तिथेच पुरचुंडी ठेवली आणि धूम पळाले. मागे पाहिलं नाही, तेवढं खरं. दुसरी चूक मला तेव्हा कळलीच नाही. चिंधी मी घरातल्या बोचक्यातून उचलली होती, आणि ती वहिनीच्या फाटक्या लुगड्याची होती. निळी, लाल काठाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अंगणात आली ती भिंत धरत. घागर रिकामी होती. तिच्या दुसऱ्या हातात माझी पुरचुंडी होती, सोडलेली. वाटेत आपल्या लुगड्याचा काठ दिसला म्हणून तिने उचलली होती. "माह्या लुगड्याची हाये," एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

आईने ते मीठ पाहिलं आणि तिच्या तोंडून एकच शब्द निघाला, करणी. पोटुशी बाई, तिच्याच अंगावरचं कापड, वाटेवर मीठ. गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. कापड बाहेर गेलं कसं, याचा शोध लागायला वेळ लागला नाही. बाळाच्या दुपट्यांसाठी म्हणून मावशीने मागे पोट चोळायला आली तेव्हा त्याच बोचक्यातून जुनी कापडं नेली होती. शेजारची काकू म्हणाली, पहिलं मूल गेलं त्याच्यामागेही हिचाच हात असेल. ते मूल माहेरी गेलं होतं, मावशीने त्याला पाहिलंही नव्हतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. वडिलांनी सांगितलं, ती बाई या घरात पाऊल ठेवणार नाही. वेळ आली की चिखलीच्या सरकारी दवाखान्यातली नर्स आणायची.

मी खांबाला टेकून उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, पण तोंड उघडेना. सांगितलं तर एकोणीसच्या अडतीस होतील. मनगटावर, गळ्यावर, तोंडावर येतील, आणि मग झोपडी आलीच. मला वहिनीची दया येत होती, मावशीचीही येत होती, पण त्याहून जास्त मला माझी भीती वाटत होती. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं.

आठ दिवसांनी मावशी तेलाची वाटी घेऊन आली तेव्हा आईने दारातूनच तिला परत पाठवलं. कारण सांगितलं नाही. मावशीने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी आत पळाले. वहिनी तर घास गिळेनाशी झाली. पोटावर हात ठेवून बसून राहायची आणि मधूनच मला विचारायची, "बाई, हालून राह्यलं का व, पाह्य बरं." मी माझा चामखिळींचा हात पाठीमागे लपवून दुसऱ्या हाताने बघायची. पोरगं हलत असायचं.

दिवस भरायला तीन आठवडे होते. पण एका सकाळी, न्याहारीच्या वेळेलाच, वहिनीला कळा सुरू झाल्या. दादाने बैल जुंपले आणि चिखलीला निघाला. जायचे चार कोस, यायचे चार कोस, आणि वर नर्स हाताशी सापडायला हवी. दुपारपर्यंत वहिनीचं ओरडणं थांबलं आणि ती नुसती कण्हायला लागली. ते ओरडण्याहून वाईट होतं. आई बाहेर आली. आडवं आहे, ती वडिलांना म्हणाली, मला काही समजत नाही. काकू म्हणाली, करणीचं असंच असतं.

तेव्हा मी बोलले. अंगणाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत.

"ते मीठ माह्यं होतं. चामखिळीचं."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. वडील खाटेवरून उठले. ते मारतील असं वाटलं, पण त्यांनी शांतपणेच विचारलं, "तुले कोनं सांगतलं हे?" मी नाव सांगितलं. खोटं सांगता आलं असतं, शाळेतल्या कोणा मुलीचं नाव घेता आलं असतं. भीतीने मला तेवढी अक्कल उरली नव्हती. काकूने बायांकडे बघून मान हलवली. आतून वहिनी कण्हली आणि आई म्हणाली, "आना तिले. काही असो, आना."

मी नाल्यापर्यंत पळत गेले. मावशी कपाशीच्या पऱ्हाट्या मोडून मोळी बांधत होती. मला बघताच ती मोळी तशीच टाकून निघाली. येताना वाटेत मी धापा टाकत सगळं सांगितलं. आडाची वाट, लुगड्याची चिंधी, आता अंगणात मी घेतलेलं तिचं नाव, सगळं. ती भराभर चालत राहिली. दारात काकू आडवी उभी होती. मीठ तुझंच होतं असं पोरीने आपल्या तोंडाने सांगितलं, ती म्हणाली.

"हाव, म्याच सांगतलं," मावशी म्हणाली. "आता मले आत जाऊ द्या. ते लेकरू थांबत नाही."

काकू बाजूला झाली. मावशीने बाह्या वर केल्या आणि हात पुढे केले. पाण्याचा तांब्या घेऊन आई आली, तर तिने आईला थांबवलं. "पोरीले टाकू दे," ती म्हणाली. माझ्या एकोणीस चामखिळींच्या हाताने मी तिच्या हातांवर पाणी ओतलं. सगळं अंगण बघत होतं. निम्मं पाणी जमिनीवर गेलं, पण ती शेवटपर्यंत हात पुढे धरून उभी राहिली.

उन्हं उतरायच्या आत पोरगा झाला. रडलाही चांगला. आत शिरलेल्या प्रत्येक बाईने आधी त्याचे हात बघितले, मग तोंड. दादा आणि नर्स पोचले तेव्हा मावशी घरी निघून गेली होती. वहिनीने तिला लुगडं-चोळी पाठवली, ती तिने घेतली.

यानंतर मी रोज सकाळी पांघरुणातच हात चाचपायची, अडतीस झाल्या का ते बघायला. एक दिवस सतरा लागल्या. मला वाटलं मोजायला चुकलं. मग अकरा, मग सहा. होळीपर्यंत हात असा साफ झाला की कोणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. वडील माझ्या हातचं पाणी प्यायला लागले. मी हरखून गेले, आणि गावाला काय दिसतंय ते मला कितीतरी दिवस समजलं नाही.

गावाला हे दिसलं की मिठाने काम केलं. ज्या बाईच्या मिठाने एकोणीस चामखिळी जातात, ती मनात आणील तर आणखी काय काय करील? हात तसाच राहिला असता तर तिचा उपाय खुळचट ठरला असता आणि गोष्ट विरून गेली असती. चांगला हात घेऊन मी आडावर गेले की बाया माझं मनगट उलटंसुलटं करून बघत आणि एकमेकींकडे बघत. मग मला नव्यानेच भीती वाटायला लागली. एक तरी परत येऊ दे म्हणून मी देवाला हात जोडले. आली नाही. मावशीला बोलावणं हळूहळू बंद झालं. वहिनीच्या पुढच्या बाळंतपणाला नर्सच आली, आणि वहिनीही काही बोलली नाही.

सात वर्षांनी मी पहिलटकरीण म्हणून माहेरी आले. भित्री ती भित्रीच. आल्या आल्या आईला म्हणाले, माझ्या वेळी मावशीला बोलाव, दुसरं कोणी नको. आई तांदूळ निवडत होती. तिने सांगितलं, मावशी दोन वर्षांपूर्वीच गाव सोडून मुलीकडे जळगाव जामोदला गेली, आणि तिकडेच वारली.

"काऊन गेली?" मी विचारलं.

"इथं तिले कोन बोलावत होतं?" आई म्हणाली.

मी घाबरले असं समजून तिने सूप खाली ठेवलं आणि माझा उजवा हात आपल्या हातात घेतला. मी तो सोडवून घेतला आणि पदराखाली झाकला.