भोवरा असलेली बंदूक

इस्लामपूरच्या बाजारात माझा एक दोस्त बैल पारखायचा. बोलताना बैलासारखीच मान हलवायचा. माझी बायको वारल्यापासून माझा ऊस रानडुकरं खात होती, म्हणून दुसरी मोठी लढाई संपल्यावर सांगलीच्या एका दुकानात जुनी जर्मन बंदूक बघायला त्यालाच नेलं. वर छऱ्याच्या दोन नळ्या, खाली गोळीची एक. त्यानं तिन्ही नळ्या उजेडाला धरून बघितल्या, टिचकी मारून आवाज ऐकला. माल चांगला होता. मग त्यानं लाकडी दस्ता थोपटला आणि तिथंच थांबला, बैलाच्या अंगावर अशुभ जागी केसांचा भोवरा दिसला की थांबायचा तसा.

"लाकडात भोवरा हाय. मालकाला खाणार ही."

"गड्या, बंदूक हाय, बैल न्हवं."

"दारात आणणार न्हवं? मग झालं."

"खाऊ दे की. घरात खायला दुसरं कोण उरलंय?"

त्यानं मान हलवली नाही. बंदूक दुकानदाराला परत दिली.

वाटेत म्हणाला, "आधी डुकरं कोण हाकलायचं रं?"

"ती. रॉकेलचा डबा बडवून."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला माझ्या बांधावर डबा वाजायला लागला. तोच होता. मग रोजच यायला लागला. इतकं वाईट वाजवायचा की ती असती तर डबा हिसकावून घेतला असता. मी मात्र तो थांबेपर्यंत ऐकत बसायचो.