भोंगाबाईंचं मौन

पाचवीच्या वर्गात बाई "एक छेद दोन" म्हणाल्या की भिंतीपलीकडची सहावीची पोरंही सवयीने "एक छेद दोन" म्हणायची. पोरांनी बाईंचं नाव भोंगाबाई ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

त्यांची शिकवायची रीत सरळ. बाईंनी सांगायचं, वर्गाने एका सुरात म्हणायचं, मग सगळ्यांनी एकदम पान उलटायचं. कोणत्या आठवड्यात कोणता धडा हे वरून ठरून यायचं, आणि बाई त्यात कधी मागे पडल्या नव्हत्या. "माझा वर्ग म्हणजे ओळंबा लावून रचलेली भिंत," असं त्या नवऱ्याला सांगायच्या. नवऱ्याची बेकरी होती. तो म्हणायचा, "अगं, एकाच भट्टीत कडेचे पाव करपतात नि मधले कच्चे राहतात. मला सारखे ट्रे फिरवावे लागतात." बाई म्हणायच्या, "पोरं म्हणजे पाव नव्हेत."

एका सकाळी बाईंनी चहा मागायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. घशाच्या डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "ताई, ओरडून ओरडून गाठी आल्यात. महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"डॉक्टर, महिना थोडा वाढवून मिळेल का?" नवऱ्याने विचारलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की डॉक्टरच दोन पावलं मागे सरकले.

बदली शिक्षक कुठून आणणार? मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही नुसत्या खुर्चीत बसा. तुमच्या धाकानेच पोरं गप्प राहतील."

पण नुसतं बसणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज लिहिली आणि हाताने खूण केली, म्हणा. वर्ग गरजला, "तीन छेद चार!" आणि बाई चमकल्या. स्वतः ओरडत असताना त्यांना जे कधी ऐकूच आलं नव्हतं ते आज स्वच्छ ऐकू आलं. उत्तर पुढच्या बाकावरून येत होतं, दोन-तीनच गळ्यांतून. बाकीचा वर्ग क्षणभर उशिरा त्यात आवाज मिसळत होता. कित्येकजण तर नुसते ओठ हलवत होते.

बाईंनी पाटी आणि खडू उचलला आणि थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

तिथे भिंगरी होता. एका जागी बसणं त्याला कधी जमलंच नाही, म्हणून नाव भिंगरी. बाईंनी पाटीवर गणित घातलं. तो चुळबुळला, पेन्सिल चावली, उत्तर चुकवलं. मग पेन्सिलीचा भुगा टाकायला उठला आणि डब्यापाशी पोचायच्या आत तिथूनच ओरडला, "बाई, पाच छेद सहा!" बरोबर! बाईंनी दुसरं गणित घातलं आणि बोटाने खूण केली, जा, फिरून ये. खिडकीपर्यंत जाऊन आला तो उत्तर घेऊनच. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. याच उठण्यापायी त्यांनी त्याला कितीदा वर्गाबाहेर उभं केलं होतं!

शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती, ती कधी बोलायचीच नाही, तिला सगळे अळीमिळी म्हणायचे. तिने पुस्तक केव्हाच संपवलं होतं आणि वेळ जाईना म्हणून त्यातल्या सगळ्या चित्रांना मिशा काढल्या होत्या. तिच्या शेजारचा गोबऱ्या गालांचा मुलगा अर्धा-पाव शिकवला तेव्हा आजारी होता. तो तिथेच अडकून पडला होता आणि तेव्हापासून इमानेइतबारे ओठ हलवत होता. त्याच्याजवळ बसून बाईंनी कागदाच्या घड्या घातल्या. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव हे कळल्यावर तो इतका हसला की बाईंनाही हसू फुटलं. आवाज न करता हसणं फार अवघड, डोळ्यांत पाणी आलं.

मग हेच सुरू झालं. कोणाला घड्या, कोणाला फेऱ्या, अळीमिळीला मोठाली गणितं. वर्गात मधमाश्यांसारखा गुंजारव. सहावीचे मास्तर येऊन कुरकुरले, "बाई, तुमचा आवाज बंद झाल्यापासून माझ्या वर्गाला मलाच शिकवावं लागतंय हो!"

आणि नेमके तपासणीचे साहेब आले.

"कितवं पान चाललंय?" त्यांनी विचारलं. प्रत्येक बाकावरून वेगळा आकडा आला. मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात भिंगरी साहेबांना वळसा घालून गेला.

"हा का फिरतोय?"

बाईंना बोलता येईना. मग मागून बारीक आवाज आला, "साहेब, तो विचार करतोय." अळीमिळी बोलली होती. अख्खा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. साहेबही हसले, पण जाताना शेरा मारून गेलेच: वर्गात एकवाक्यता नाही.

महिन्याने आवाज परतला, थोडा घोगरा होऊन. सहामाहीचे निकालही लागले. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. "एवढा खटाटोप केलात, पण सरासरी होती तिथेच आहे. पुढच्या बाकाचे तर गुण घसरलेत."

"घसरलेत खरे, सर. त्यांच्याकडे मला आणखी बघायला हवं," बाई म्हणाल्या. "पण सरासरी नावाचं एकही पोर माझ्या वर्गात नाही. गोबऱ्या पहिल्यांदा पास झालाय. त्याची आई बघा दाराशी उभी आहे, तिला सांगा सरासरी."

मुख्याध्यापक दाराकडे बघून विरघळले. "बरं, बरं. साहेब येतील त्या दिवशी तरी सगळे एका पानावर असू द्या म्हणजे झालं."

"एक दिवस चालेल," बाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात अळीमिळीने स्वतः रचलेलं एक गणित बाईंच्या हातात ठेवलं. "बाई, सोडवून आणा." ते घेऊन बाई संध्याकाळी बेकरीत बसल्या. पिठाने माखलेल्या फळीवर बोटाने आकडे लिहून झाले, पुसून झाले. नवऱ्यानेही डोकं खाजवून केस पांढरे करून घेतले.

"मला नाही येत बाई," तो म्हणाला.

"मलाही नाही येत!" बाई म्हणाल्या, आणि इतक्या खूश दिसल्या की पाव घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बघतच राहिलं.