वाऱ्याला मांडलेला पाट

खिडकीची कडी जरा वाजली की मी उठतो. मागचं दार बघतो, मोरीवरचा पत्रा हातानं दाबून बघतो, परत येऊन बसतो आणि पुन्हा उठतो. बायको म्हणते, "अहो, बसा की. वारा नाही, मांजर आहे." मांजर असतं हे मलाही ठाऊक असतं.

आमच्या घरात पाट नाही. जेवायला टेबल आणलं तेव्हा लोकांना वाटलं, मास्तर सुधारले. लग्नाकार्यात पंगतीला बसायची वेळ आली की गुडघा दुखतो असं सांगून मी खुर्ची मागून घेतो. गुडघा ठणठणीत आहे.

कोलशेतला आमचं घर खाडीच्या बाजूला होतं. आई मी लहान असतानाच गेली, वडीलही फार राहिले नाहीत. मला वाढवलं ते विधवा काकीनं. मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून तिनं मला ठाण्याच्या शाळेत शिकवलं. पुढे ठाण्यातच मी मास्तर झालो. रोज सायकलवरून जायचो, आणि संध्याकाळी घरी आलो की काकीलाही शिकवायला बघायचो.

काकीची एक रीत होती. वारा फार उठला की घरातली थोरली बाई अंगणात पाट मांडते, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवते आणि वाऱ्याला सांगते, बस बाबा, दमला असशील. वारा म्हणजे पाहुणा. पाहुणा बसला की घर मोडत नाही, असा हिशेब. लहानपणी मीही तिच्या पदराआडून ते बघायचो आणि वारा खरंच बसला का म्हणून पाटाकडे टक लावायचो. मास्तर झाल्यावर मात्र मला ते चारचौघांत लाजिरवाणं वाटायला लागलं.

"काकी, वारा पाटावर बसला तर त्याला वाढशील काय?"

"तुला वाढते तेच. तो तुझ्यासारखी नावं ठेवनार नाय."

माझं लग्न झालं तेव्हा मी तिच्याकडून वचनच घेतलं. माझी बायको डोंबिवलीची, शिकलेली. तिच्यासमोर हे प्रकार नकोत. काकी म्हणाली, "बरं. तुझा घर, तुझा वारा." त्यानंतर तिनं एकदाही पाट बाहेर काढला नाही. तो स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेला असायचा.

स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं होतं. दिवाळी झाली होती, भात कापून खळ्यावर आणलं होतं, आणि अवेळी पाऊस लागला. आदल्या दिवसापासून वारा थांबत नव्हता. शाळा लवकर सोडली. सायकलवर बसणं शक्यच नव्हतं, ती ढकलत मी दुपारी घरी पोचलो. बायकोला सातवा महिना होता. ती जात्याला पाठ लावून बसली होती. काकी भाताचे भारे दोरानं बांधून, भिजून, नुकतीच आत आली होती.

दारातून मला खाडीकडचं दिसत होतं. आभाळ पितळेच्या जुन्या भांड्यासारखं झालं होतं. मिठागरांच्या पलीकडे एक काळपट खांब उभा राहिला आणि चालायला लागला. मला आधी तो धूर वाटला. मग त्यात मिठाच्या कोठारांचे पत्रे गोल फिरताना दिसले, लहान मुलं कागद फिरवतात तसे. त्याच्या उजव्या हाताला दुसरा उठला. आयुष्यभर वावटळी पाहिल्या होत्या, पण हे तसलं नव्हतं. आवाज असा की तो कानांनी ऐकू येण्याऐवजी छातीत वाजत होता.

शेजाऱ्यांची कौलं एका ओळीनं निघाली. मग आमचं छप्पर उचलायला लागलं. भिंत आणि वासे यांच्या मधे उजेडाची एक फट पडायची, मिटायची, पुन्हा पडायची. बायको डोळे मिटून जात्याला धरून होती. मी दोन्ही हातांनी खांब धरला होता आणि तो खांब हलत होता.

तेव्हा मी म्हणालो, "काकी, पाट मांड गो."

शाळेतली भाषा गळून पडली होती. काकीला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडून सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात चेष्टा नव्हती, राग नव्हता. एवढंच म्हणाली, "आता सांगतंस?" आणि पाट घेऊन बाहेर गेली.

मी का गेलो नाही? ते थोरल्या बाईचं काम आहे, असा विचार माझ्या मनात आला होता. ज्या रीतीला मी इतकी वर्षं हसलो, तिचाच नियम मी त्या क्षणी पुढे केला.

ती वाकून पाट ठेवत होती. हात जमिनीपर्यंत पोचलाही नसेल, तेवढ्यात पत्रा आला. तिचा उजवा हात कोपराच्या वर जवळजवळ तुटला. नंतर वारा आमच्या घरावरून की बाजूनं कुठून गेला ते मला आजही सांगता येत नाही. आजूबाजूची चार घरं बसली. आमचं उभं राहिलं. पाट अंगणात होता तिथेच पडलेला, उपडा. याचा अर्थ काय लावायचा यावर मी इतकी वर्षं डोकं फोडतो आहे. काहीच अर्थ नाही असं दिवसा ठामपणे सांगू शकतो.

खाटेवर घालून आम्ही तिला ठाण्याच्या दवाखान्यात नेलं. वाटेत झाडं आडवी पडली होती, खाट दर थोड्या अंतरावर खाली ठेवावी लागत होती. हात काढावा लागला. ती शुद्धीवर आली तेव्हा खाट धरून आलेला शेजारी तिला म्हणाला, "अगो, अशा वाऱ्यात पाट मांडायला बाहेर जातात का? तुला कुनी सांगितलं?"

मी तिच्या पायाशी उभा होतो.

"कोन सांगनार?" काकी म्हणाली. "माझीच खोड हाय ती."

त्या दिवशी बोललो नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड झालं, आणि पुढच्या महिन्यात अशक्य. मुलगा झाला. काकी त्याला डाव्या हातानं खेळवायची. भाकरी मात्र तिला पुन्हा कधी थापता आली नाही. पीठ बघून ती परातीसमोरून उठून जायची.

इथपर्यंतचं भित्रेपणात जमा करता येईल. पुढचं नाही.

पुढच्या काही वर्षांत मी व्याख्यानं द्यायला लागलो. ठाणे, कल्याण, डोंबिवली, जिथे बोलावतील तिथे. विषय ठरलेला, अंधश्रद्धा. त्यात मी एक उदाहरण द्यायचो. आमच्या गावची एक बाई वादळात वाऱ्याला पाट मांडायला गेली आणि हात गमावून बसली. त्या जागी सभा हमखास गप्प व्हायची. मी आवाज खाली आणायचो. हे सगळं मला जमायला लागलं होतं.

एकदा डोंबिवलीत वाचनालयाच्या सभेला बायको माहेराहून काकीला घेऊन आली. मला ठाऊक नव्हतं. त्या उदाहरणापाशी पोचलो आणि शेवटच्या सतरंजीवर काकी दिसली. उजव्या खांद्यावरून पदर ओढून घेतलेला. तिथे गोष्ट बदलता आली असती. मी ती पूर्ण सांगितली, नेहमीसारखी.

परतताना स्टेशनच्या बाकावर आम्ही गाडीची वाट बघत होतो. काकी म्हणाली, "बरा बोलतंस. मानसा रडायला आली."

मी मान खाली घातली.

"फकस्त पाट सागाचा बोललास ना, तो आंब्याचा व्हता. सागाचा पाट आपल्याकडं कवा व्हता?"

एवढंच. मी तिथेच तिच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. मी गाडी आली का ते बघायला उठलो. त्यानंतर ती गोष्ट मी कुठल्याच सभेत सांगितली नाही, आणि ते पुरेसं आहे अशी स्वतःची समजूत घातली.

काकी गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तेराव्याला अंगणात पानं मांडली होती. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "बाई देवमानूस. पन खुळी. पाटापायी हात घालवला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वाढता वाढता थांबलो आणि म्हणालो, "तिला मी पाठवलं होतं. पाट मांड म्हणून मी सांगितलं."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. म्हातारे नुसते म्हणाले, "काकीनं वाढवला ना, लागलाय जिवाला. बस रं पोरा, दोन घास खा." आणि बाजूचा रिकामा पाट त्यांनी हातानं पुढे सरकवला. सगळे जेवायला लागले. मी हातात भाताचं भांडं घेऊन उभा होतो. अजून तसाच उभा आहे असं वाटतं. म्हणून हे लिहायला घेतलं. लिहिलेल्याची कुणी समजूत काढत नाही.

काल हे बायकोला वाचायला दिलं. तिचे डोळे त्या दुपारी मिटलेले होते असं मी धरून चाललो होतो, आणि तिनंही कधी विषय काढला नव्हता. तिनं सगळं वाचलं, कागद नीट एकावर एक ठेवले.

"एक राहिलं आहे," ती म्हणाली.

"काय?"

"काकी पाट घेऊन बाहेर गेली असं लिहिलंय तुम्ही. पाट तर भिंतीशी होता, ती दाराशी होती. खांब सोडून तुम्ही आत गेलात, पाट उचललात आणि तिच्या हातात दिलात. मग पुन्हा खांब धरलात."

मी तिला विचारलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काकीनं सांगितलं होतं, विचारू नकोस म्हणून. तो आपण होऊन बोलेल, म्हणाली."

ती उठून आत गेली. बायकोनं सांगितलं तसंच झालं होतं. खांबापासून भिंतीपर्यंत चार पावलं होती. जाऊन येण्याइतका धीर माझ्याकडे होता.